लग्नाच्या गाडीचा नवा स्टार्टर

अंगणातून 'टक्' असा आवाज यायचा आणि पाठोपाठ काहीच ऐकू यायचं नाही, तेव्हा स्वयंपाकघरात माझा हात जागच्या जागी थांबायचा. आई पीठ मळत असली तर तिचाही. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता नुसत्या कान लावून उभ्या राहायचो. मग लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायचा, म्हणजे पपांनी गाडीच्या नाकाडात हँडल खुपसलं. आता ते हँडल फिरवणार, आणि इंजिन पेट घेईपर्यंत फिरवतच राहणार. तेही हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस.

डॉक्टरांनी त्यांना घरी सोडताना बजावलं होतं, जिना सावकाश चढा, बादली उचलू नका, कशाला धक्का मारू नका. पपांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली होती. त्यांनी बादली कधी उचलली नाही हे खरं. बादलीत त्यांना आधीही काही रस नव्हता.

ती गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. इंग्लंडात बनलेली, दोनच सीटांची, बुटकी, लाल रंगाची स्पोर्ट्स कार. वरचा कापडी टप दुमडला की गाडी पूर्ण उघडी. पपा मुंबईच्या गोदीत फिटर होते तेव्हा एक परदेशी साहेब मायदेशी जाताना ती तिथेच टाकून गेला. चालत नव्हती म्हणून ती पपांच्या वाट्याला आली. ट्रकवर घालून त्यांनी ती आमच्या गावी, सांडोरला आणली, आणि पुढची कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी आमच्या घरात पपांचे फक्त पाय दिसायचे, बाकीचे पपा गाडीखाली.

गाडी चालती झाली, पण तिचा स्टार्टर पहिल्यापासूनच खोडसाळ. इंजिनाला पहिला फेरा देणारी ती मोटर कधी नुसती गुरगुरून गप्प बसायची, कधी तिचं दातेरी चक्र इंजिनाच्या मोठ्या चक्रात रुतून अडकायचं. मग दोनच उपाय. एक हँडल, आणि दुसरा उतार. आमचं घर जरा उंचवट्यावर, आणि अंगणातून वाट उतरत जाते ती सरळ बावखलाकडे. बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं तळं, केळीला पाणी त्याच्यातूनच. पपा गाडी नेहमी त्या वाटेच्या तोंडाशी लावायचे, नाक बावखलाकडे करून, दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, चाकाखाली अर्धी वीट. हँडब्रेक नावापुरताच होता. वीट काढायची, क्लच दाबून गाडी घरंगळू द्यायची, मध्येच क्लच सोडायचा, इंजिन खोकलत सुरू व्हायचं आणि बावखलाच्या अलीकडे करकचून उजवीकडे वळायचं. पपांना यात काही विशेष वाटत नसे. मला मात्र लहानपणापासून स्वप्नं पडायची ती बावखलात बुडालेल्या गाडीची.

मी मुळात घाबरट. शाळेत शिकवते, माणिकपूरला. सहलीला मुलं नेली तर रात्रभर डोकी मोजत बसते अशी माझी ख्याती. पण पपांच्या आजारानंतर मी जी घाबरले ते काही निराळंच होतं. ते दुपारी झोपले तर मी दारात उभी राहून त्यांचा सदरा वरखाली होतो का बघायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझ्या मनाला तर दुसरं कामच उरलं नव्हतं.

गाडी विकून टाका म्हणायची सोय नव्हती, कारण ती आमच्या एकट्यांची राहिलीच नव्हती. आमच्या वाडीतली प्रत्येक नवरी त्या गाडीतून चर्चला जायची. पांढऱ्या गाऊनमधली नवरी डाव्या सीटवर, पपा कोट घालून उजव्या सीटवर, आणि पुढे पायी बँड. नाताळ संपला की ईस्टरआधीचा उपवासकाळ लागेपर्यंत लग्नांची नुसती झुंबड, आणि लग्नाचं बोलावणं करायला आलेला माणूस आधी गाडीकडे बघायचा आणि मग पपांकडे. पपांनी कुठल्या नवरीला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

त्यात एक नियम होता. नवरी घरून निघाली की गाडी वाटेत थांबवायची नाही आणि मागे वळवायची नाही, थेट चर्चच्या दारात. म्हाताऱ्या बायका हे इतक्या गंभीरपणे सांगायच्या की जणू पवित्र शास्त्रातच लिहिलंय. माझी खात्री आहे की तो नियम त्या खोडसाळ स्टार्टरमुळे पडला. एकदा थांबली तर परत सुरू होईल याचा भरवसा नव्हता म्हणून पपा थांबायचे नाहीत, आणि लोकांनी त्याचा शकुन करून टाकला.

त्या वर्षी जानेवारीत शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं. माझी एके काळची विद्यार्थिनी. बोलावणं आलं, पपांनी मान डोलावली. मला दिसायला लागलं ते एकच दृश्य. गाडी चर्चसमोर बंद पडलीय, पपा कोट काढून हँडल मारतायत, आणि वाकलेले पपा परत सरळ होतच नाहीत.

मी स्टार्टर बदलायचा हट्ट धरला. पपा भडकले.

"इंजिनाच्या जन्मापासूनची मोटर गो ती. ती काढून तिथं काय खेळणं लावायचं?"

"तुमच्या जिवापेक्षा मोटर मोठी?"

"माझ्या जिवाला काय झालंय?"

त्यांच्या जिवाबद्दल बोलून उपयोग नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी म्हटलं, "बरं, तुमचं राहू द्या. पण चर्चच्या दारात हँडल मारताना तुम्हाला काही झालं, तर त्या पोरीच्या लग्नाचं काय होईल? जन्मभर ती काय आठवेल?" दुसऱ्या दिवशी पपा पेपरामागून म्हणाले, "कोण बसवणार आहे ती मोटर?"

माणिकपूरला रिक्षा स्टँडच्या मागे गाड्यांची वायरिंग करणारा एक इलेक्ट्रिशियन होता, अखंड बडबड्या माणूस. त्याला मी गाठलं. तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ ताई. जपानी गाडीची मोटर टाकतो, आत गिअरवाली. साइज छोटा, पण ताकद एकदम सॉलिड. तुझे पपा खूश होऊन जातील."

पपा खूश वगैरे झाले नाहीत. मोटर बसवायच्या दिवशी मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि गाडीखाली जायचं नाही अशी शपथ घातली. ते स्टुलावरून वाकून वाकून त्या माणसाला सूचना देत राहिले. नवी मोटर जुन्या जागी बसावी म्हणून लेथवर एक जाड पट्टी बनवून आणली होती, ती दोनदा घासावी लागली. दाते नीट जुळतात का ते बघायला पपांनी माझ्या पिशवीतला खडू मागितला, त्याची पूड तेलात कालवून दात्यांवर फासली, आणि पूड कुठे पुसली गेली ते चष्मा कपाळावर सारून बघितलं. जुन्या इंग्लिश गाड्यांत बॅटरीची जोडणी आपल्याकडच्या गाड्यांच्या उलटी असते. नव्या मोटरला ती चालत नाही, म्हणून बॅटरीची टोकं फिरवावी लागली. त्या वेळी पपांनी हळूच कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण केली.

मग खटका दाबला. 'टक्' नाही, गुरगुर नाही. काय होतंय ते कळायच्या आत इंजिन सुरू! बंद केलं, परत दाबलं, परत सुरू. इलेक्ट्रिशियनने आईला हाक मारली. "या आई, तुम्ही पण करून बघा. चावी तर आतच असते. ती फिरवायची आणि हा खटका दाबायचा, बास." गाडी अंगणात सपाटीवर, न्यूट्रलमध्ये उभी होती. लग्न होऊन आल्यापासून आईने त्या गाडीच्या एकाही वस्तूला हात लावला नव्हता. तिने बाहेरूनच वाकून एका बोटाने खटका दाबला, इंजिन धडधडलं, आणि ती तोंडावर पदर घेऊन लहान मुलीसारखी हसत सुटली. माझा जीव भांड्यात पडला.

पपांनी जुनी मोटर रॉकेलने स्वच्छ पुसून, फडक्यात गुंडाळून पलंगाखाली ठेवली. त्यानंतर ते सकाळी अंगणात जायचे, गाडी सुरू करायचे, बंद करायचे आणि लगेच आत यायचे. पूर्वी अर्धी सकाळ जायची. "लय सोपं झालं," एवढंच म्हणायचे. त्यांचा चेहरा का उतरलेला असतो हे मी विचारलं नाही. मला इतक्या महिन्यांनी झोप लागायला लागली होती.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून शेजारी बँड वाजत होता. गाडीला पांढऱ्या फिती बांधून झाल्या होत्या. पपा आत कोट घालण्याआधी गळ्यातला टाय पुन्हा पुन्हा सोडवत आणि बांधत होते, आणि मी केसांना पिना लावत होते. आई आमच्या आधी तयार होऊन बाहेर गेली. पपा तयार व्हायच्या आत त्यांचा चहा तयार असायचा, चपला पुसून दाराशी असायच्या, तीस वर्षांची तिची सवय. त्या दिवशी ती त्यांच्यासाठी गाडी तयार ठेवायला गेली. बाहेर आले की गाडी सुरू असलेली बघून खूश होतील, एवढंच तिच्या मनात.

गाडी आता सपाटीवर नव्हती. स्टार्टर नवा आला तरी पपांचा हात जुनाच होता. आदल्या संध्याकाळी धुऊन पुसून त्यांनी ती नेहमीच्या जागी लावली होती, वाटेच्या तोंडाशी, नाक बावखलाकडे, दुसऱ्या गिअरमध्ये. जुनी मोटर गिअरमधली गाडी तसूभरही हलवू शकली नसती. ही नवी मात्र सॉलिड होती. आईने वाकून, शिकवल्याप्रमाणे, चावी फिरवून एका बोटाने खटका दाबला. गाडीने उडी मारली, विटेवरून चढली, इंजिन पेटलं आणि आपल्या आपण उताराला लागली.

आईची किंकाळी आणि पपांचं धावणं यांच्यात वेळ गेलाच नाही. मी खिडकीतून बघितलं ते एवढंच, की पांढरा शर्ट, अर्धवट टाय आणि पायात फक्त मोजे घातलेले माझे पपा उतारावरून धावत सुटलेत. जिना सावकाश चढायचा होता त्यांना. मी ओरडले, "पपा, जाऊ द्या ती! बुडू द्या!" मला खरंच वाटत होतं, बुडू दे एकदाची. त्यांनी ऐकलं नाही. गाडीचं दार बुटकं, त्यावरून त्यांनी अंग आत टाकलं, आणि ब्रेक लागला तेव्हा पुढची चाकं बावखलाच्या काठच्या मऊ चिखलात शिरली होती.

मी पोचले तेव्हा ते स्टिअरिंग धरून सरळ बसले होते. इंजिन बंद. चेहरा राखेसारखा, कपाळावरून घामाच्या धारा. आई मागून "नमो मारिया, नमो मारिया" पुटपुटत येत होती, पुढचे शब्द तिला आठवतच नव्हते. बँडवाले आणि नवरीचे काका धावत आले. त्यांनी गाडी मागे ओढून वाटेवर घेतली, आणि पपा उतरून बाजूला उभे राहिले. एरवी हात लावू नका म्हणून त्यांना दहा वेळा सांगावं लागलं असतं. त्या दिवशी ते स्वतःहून लांब उभे होते.

आईने जिभेखालची गोळी आणली. आजवर ती गोळी त्यांनी कधी घेतली नव्हती, "मला काय झालंय" म्हणून. त्यांनी हात पुढे केला आणि घेतली. मी म्हटलं, "चला, दवाखान्यात जाऊ." ते फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "रोज हँडल मारायचो ना गो बाय, तेव्हा कळायचं की अजून दम आहे. ही मोटर आल्यापासून काही कळतच नव्हतं. रात्री पडून विचार करायचो, आहे की संपला." त्यांनी श्वास घेतला. "आज कळलं."

मला रडू फुटलं. त्यांनाही भीती वाटत होती. माझ्याइतकीच, आणि इतके दिवस. मी दारात उभी राहून त्यांचा सदरा बघत होते तेव्हा ते डोळे मिटून हेच मोजत होते. आणि त्यांचं ते मोजायचं साधन मीच काढून घेतलं होतं, त्यांच्या भल्यासाठी.

"नवरी खोळंबलीय," ते म्हणाले. "तू ने."

"मी? मी नाही जाणार तुम्हाला सोडून."

"पोरीचं लग्न आहे. तूच म्हणालेली ना, जन्मभर काय आठवेल ती? जा. तुझी आई आहे इथं."

मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये मी लायसन्स काढलं होतं, आणि पपांनी ही गाडी मला एकदाच, चर्चच्या मैदानात, दोन चकरा चालवायला दिली होती, तीही ओरडून ओरडून. आता ते काहीच ओरडले नाहीत. मी खटका दाबला, गाडी शहाण्यासारखी सुरू झाली. नवरी येऊन बसली, तिच्या गाऊनने गिअरसुद्धा झाकून टाकला. बँड पुढे लागला. आरशात पपा ओट्यावर बसलेले दिसत होते, आई त्यांना वारा घालत होती. मग केळीच्या आड दोघंही दिसेनासे झाले.

त्या दिवशीइतका बँडचा राग मला आयुष्यात कधी आला नाही. वाजवतायत, थांबतायत, नाचतायत, आणि मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्यामागे मुंगीच्या पावलांनी. गाडी वळवावी आणि घरी जावं असं प्रत्येक वळणावर वाटत होतं. नव्या मोटरमुळे आता गाडी हवी तिथे थांबवता आली असती, हवी तेव्हा सुरू करता आली असती. पण नियम तसाच होता, आणि शेजारी ती पोर हातात फुलं घेऊन बसली होती. तिने विचारलं, "टीचर, काय झालं का?" मी म्हटलं, "काही नाही. धूळ गेली डोळ्यात. तू तुझा डोक्यावरचा वेल सांभाळ."

चर्चच्या दारात तिला उतरवलं, आणि मागे वळून बघते तर पाहुण्यांच्या गाड्यांनी आवार गच्च भरलेलं. बाहेर पडायला वाट नाही. आत मिस्सा, म्हणजे लग्नाची उपासना, सुरू झाली. मी धावत समोरच्या टेलिफोन बूथवर गेले आणि घरी फोन लावला. पपांच्या आजारपणानंतरच फोन घेतला होता आम्ही, वेळ आली तर असावा म्हणून. तो वाजत राहिला. परत लावला, परत वाजत राहिला. शेजारपाजार सगळा लग्नाला आलेला, कुणाला म्हणून जाऊन बघायला सांगणार? बूथमधून बाहेर आले ती चर्चच्या भिंतीला टेकून उभी राहिले. आतून गाण्याचे सूर येत होते आणि मला एकही शब्द समजत नव्हता.

मग फाटकाशी रिक्षा थांबली आणि आई उतरली. एकटी. लग्नाचीच साडी, पण पदर सुटलेला. ती माझ्याकडे चालत येईपर्यंत मी सगळं सगळं मनात उरकून घेतलं होतं, शवपेटीसुद्धा.

"हॉस्पिटलात ठेवलंय," ती म्हणाली. "बरे आहेत. वेळेवर आणलं म्हणाले डॉक्टर."

"तू कसं नेलंस त्यांना? ऐकलं तुझं?"

आईने सुटलेला पदर खोचला. "मी काहीच बोलले नाही. तुमची गाडी वळली आणि ते आपणहून म्हणाले, मला दवाखान्यात ने." तिने माझा हात धरला. "आपणहून म्हणाले गो. आजवर कधी म्हणाले होते?"

आम्ही दोघी तिथे भिंतीपाशी उभ्या राहून रडलो. खरं तर आनंदाची बातमी होती.

पपा त्यानंतर बरीच वर्षं जगले. गोळ्या वेळेवर घेतल्या, जिने सावकाश चढले, डॉक्टर सांगतील ते सगळं केलं. मला हवं होतं ते अगदी तसंच झालं. गाडीही लग्नांना जात राहिली, पण चालवायची मी. चावी मी रोज सकाळी त्यांच्या पुढ्यात ठेवून बघायची. ते पेपर वाचता वाचता ती माझ्याकडे सरकवायचे. रविवारी मिस्साला जाताना ते डाव्या सीटवर बसायचे, आणि मी मुद्दाम गिअर खरकन टाकायची, क्लच अर्धवट सोडून गाडीला हिसके द्यायची. वाटायचं, एकदा तरी ते भडकतील, "ऊठ, तुझ्याच्याने नाही जमायचं," म्हणून मला ढकलून माझ्या जागेवर येऊन बसतील. पपा मांडीवर हात ठेवून केळीच्या बागांकडे बघत बसायचे. "छान चालवतेस गो," म्हणायचे.